गाईची धार काढायला लागतो तेवढा वेळ

कारखान्याचा भोंगा नेमका कोण वाजवतं, हा प्रश्न सहसा कुणाला पडत नाही. भोंगा झाला की माणसं आत जातात, पुन्हा झाला की बाहेर येतात. शिवणकाकूंना मात्र तो कोण वाजवतं हे छत्तीस वर्षं पक्कं ठाऊक होतं, कारण वाजवणारा माणूस त्यांच्याच घरात राहत होता. राहत होता म्हणण्यापेक्षा पाळीपाळीने येऊन जात होता, हे जास्त खरं.

सगळी इमारत काकूंच्या नवऱ्याला टाइमकीपर म्हणायची. हुद्दाही तोच आणि स्वभावही तोच. घड्याळ ते मनगटाच्या आतल्या बाजूला बांधत. त्यांच्याआधी दुसऱ्या कुणाला वेळ कळायला नको. मुलगी झाली तेव्हा नर्सला त्यांनी पहिलं काय विचारलं, तर किती वाजून किती मिनिटांनी. ती म्हणाली, "साडेचारच्या सुमारास." तो 'सुमारास' त्यांच्या इतका जिव्हारी लागला की पुढचे दोन दिवस ते मुलीपेक्षा त्या नर्सबद्दलच जास्त बोलत होते.

शिवणकाकूंचा सगळा कारभार त्याच 'सुमारास'वर चालायचा. लोकांचे जुने कपडे उसवून त्या नीट करून देत. पँटची कंबर सैल करायची, गणवेशाची दुमड सोडायची, जाकिटाची चेन बदलायची. पुढच्या खोलीत खिडकीखाली त्यांचं पायमशीन होतं. माणूस एका मापावर टिकत नाही हे त्यांना तीस वर्षांच्या अनुभवाने कळलं होतं, आणि त्याबद्दल त्यांची माणसाविरुद्ध काही तक्रार नव्हती.

तक्रार एकच होती, आणि ती त्यांनी कधी बोलून दाखवली नव्हती. लग्नानंतर त्या दोघांनी बसून एकत्र असं जेवणच केलं नव्हतं. पहिल्या पाळीला टाइमकीपर डबा घेऊन जात आणि भोंग्यापासून भोंग्यापर्यंतच्या वीस मिनिटांत कँटीनमध्ये जेवत. दुसऱ्या पाळीला ते घरी जेवून निघत, तेव्हा काकूंच्या दारात गिऱ्हाइकं उभी असत. तिसऱ्या पाळीनंतर दिवसभर झोप. सुट्टीच्या दिवशी तर गिऱ्हाइकांची रांगच. मग काकू जेवायच्या ओट्याशी उभ्या उभ्या, ताट गॅसच्या शेजारी, एक डोळा दुधाच्या पातेल्यावर. आपण कधी जेवतो, काय जेवतो, हे त्यांच्या लक्षातही यायचं नाही. घासलेलं ताट दिसलं की जेवण झालं असणार, असं धरून चालायचं.

टाइमकीपर निवृत्त झाले त्या दिवशी कारखान्याने त्यांना एक हार, एक बॅग आणि एक जाडजूड पुस्तक दिलं. काकूंबरोबर परत येताना बसमध्ये हार मांडीवर ठेवून ते एकदम म्हणाले, "उद्यापासून आपण दोघं एकत्र जेवायचं. बसून. गरम गरम."

त्या दिवसातलं बाकी काहीच काकूंच्या लक्षात राहिलं नाही.

दोन माणसांपुरतं एक टेबल आणलं, स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात लावलं. अकरा दिवस दोघं समोरासमोर बसून जेवली. टाइमकीपर कारखान्यातल्या वीस वर्षांपूर्वीच्या भानगडी सांगायचे. काकू इमारतीच्या कंबरा सांगायच्या.

"चौथ्या मजल्यावरच्या वकिलांची कंबर दोन वर्षांत तीन इंच वाढलीय. आणि दर वेळी येऊन म्हणतात, काकू, कापड आटलं हो."

"मग तू काय म्हणतेस?"

"म्हणते, हल्ली कापडच तसलं येतंय."

टाइमकीपर हसायचे. समोर बसलेला माणूस आपल्या बोलण्यावर हसतो आणि त्याच वेळी ताटातलं गरम असतं, या दोन गोष्टी एकदम मिळू शकतात हे काकूंना वयाच्या साठाव्या वर्षी कळलं.

बाराव्या दिवशी टाइमकीपरांनी ते पुस्तक उघडलं.

जुन्या शास्त्रांमधले नियम कुणीतरी एकत्र करून मराठीत आणले होते. गृहस्थाने कधी उठावं, आंघोळ कशी करावी, कुठे बसावं, काय बोलावं, पितरांसाठी काय करावं, पाहुण्यासाठी काय करावं. पाचशे पानं. भोंगा गेल्यापासून टाइमकीपरांना दिवस अंगावर यायचा. सकाळी दहा वाजले की ते घड्याळाकडे बघत, आणि घड्याळाला त्यांच्याकडून काही नको असायचं. आणि इथे तर उठल्यापासून निजेपर्यंतचं वेळापत्रक तयार! चष्मा लावून ते पुस्तकात शिरले ते संध्याकाळीच बाहेर आले. चेहऱ्यावर पुन्हा नोकरी लागल्याचं तेज होतं.

"बघ," ते म्हणाले, "सगळं लिहून ठेवलंय."

मुलीला फोनवर कळलं तेव्हा ती म्हणाली, "आई, बरंच झालं की. बाबांना काहीतरी छंद हवाच होता."

"छंद त्यांना गं. हमाली मला."

सुरुवातीला काकूंनी मनावर घेतलं नाही. डोकं पूर्वेला किंवा दक्षिणेला करून झोपावं, म्हणून पलंग फिरवला. त्यामुळे कपाटाचं एक दार उघडेना. उघडणाऱ्या दारामागे जे कपडे होते तेवढेच टाइमकीपर घालू लागले. दिवसा झोपू नये, म्हणून ते दुपारी डोळे ताणून बसत आणि मग फिरायला जात. मशीन हलवायची वेळ आली तेव्हा मात्र काकू एवढंच म्हणाल्या, "मशीन हलणार नाही." कुठल्या ऋषीची बिशाद होती पुढे बोलायची! मशीन राहिलं.

पूर्वेला तोंड करून जेवावं, असंही निघालं. दोघांची तोंडं पूर्वेला करायची तर दोन्ही खुर्च्या टेबलाच्या एकाच बाजूला आल्या. पूर्वेला फ्रिज होता. बसमधल्या प्रवाशांसारखी दोघं शेजारी शेजारी बसून फ्रिजकडे बघत जेवू लागली. काकूंना तेही चाललं. कोपर कोपराला लागत होतं, तेवढं पुरे.

मग पाहुण्याचं प्रकरण आलं.

गृहस्थाने आपण जेवण्याआधी दारात उभं राहून अतिथीची वाट पाहावी. कितीक वेळ? तर गाईची धार काढायला लागतो तेवढा वेळ.

टाइमकीपर त्या ओळीवर अडले. मापात न बसणारी वेळ त्यांना झोपू देईना. "म्हणजे किती मिनिटं?" त्यांनी काकूंना विचारलं, जशा काही काकू गोठ्यात वाढल्या होत्या.

"सुमारे..." काकूंनी सुरुवात केली.

"सुमारे नको!"

दुसऱ्या दिवशी स्टॉपवॉच खिशात घालून ते दोन बस बदलून शहराबाहेरच्या गोठ्यावर गेले. गवळ्याने विचारलं, "कुठल्या गाईचं सांगू? तांबडी सहा मिनिटांत मोकळी करते. बांडी लाथा मारते, तिला वीस. आणि मी काढली तर वेगळं, आमच्या हिने काढली तर वेगळं."

दुसरा कुणी असता तर हसून परत आला असता. टाइमकीपर तीन तास पालथ्या बादलीवर बसले. नऊ गाई, दोन माणसं. सरासरी काढून आले: अकरा मिनिटं चाळीस सेकंद. कागदावर लिहून तो कागद त्यांनी दाराच्या आतल्या बाजूला चिकटवला.

त्या दिवसापासून बरोबर बाराला टाइमकीपर जिन्याच्या चौकात जाऊन उभे राहू लागले, अंगात धुतलेला सदरा आणि हातात स्टॉपवॉच. अकरा मिनिटं चाळीस सेकंदांत जो कुणी तिसऱ्या मजल्यावर चढून येईल, तो अतिथी. पाणी शुद्ध करायचं यंत्र विकणारा आला. टाइमकीपरांनी त्याच्यासमोर पाय धुवायला तांब्या धरला तेव्हा तो दोन पायऱ्या मागे सरला. "साहेब, मोजे काढायला लावू नका, प्लीज." विजेचं मीटर बघणारा आला, तो पहिल्या मजल्यावर डबा खाऊन आला होता, त्याला दुसऱ्यांदा जेवावं लागलं. कुठल्याशा पाहणीचा फॉर्म घेऊन एक मुलगी आली. अतिथीला कूळ विचारू नये, शिक्षण विचारू नये, असा नियम. ती मुलगी वरणभात खाता खाता टाइमकीपरांना वय, शिक्षण, घरात माणसं किती, सगळं विचारत होती, आणि यांना मात्र तिचं नाव विचारायचीही चोरी!

टेबलाला खुर्च्या दोनच. एकीवर अतिथी बसायचा. यजमानाने अतिथीनंतर जेवायचं, म्हणून टाइमकीपर शेजारी उभे. काकू पोळ्या लाटत ओट्याशी उभ्या. अतिथी गेला की टाइमकीपर जेवायचे, पण तोपर्यंत काकूंचं गिऱ्हाईक दारात यायचं. गाडं फिरून पुन्हा पहिल्या पाळीवर आलं.

तरी आठवड्यातले दोन-तीन दिवस जिना कुणी चढत नसे. त्या दिवसांवर काकू तग धरून होत्या. बाराला टाइमकीपर बाहेर गेले की त्या स्वयंपाकघरातून कान देत. पायऱ्यांवर बूट वाजले की ताटाकडे गेलेला हात मागे यायचा. बूट दुसऱ्या मजल्यावर थांबले की त्या सुटकेचा श्वास टाकून दुसरं ताट घ्यायच्या.

आणि मग एक दिवस टाइमकीपर पुस्तक घेऊन ओट्याशी आले. जरा चाचरतच म्हणाले, "अगं, पान दोनशे बारा."

"काय म्हणतंय?"

"गृहस्थाने बायकोबरोबर जेवू नये."

काकूंचं लाटणं थांबलं.

"आणि ती जेवत असताना तिच्याकडे बघू नये. शिंकताना, जांभई देतानाही बघू नये."

"कुणी लिहिलंय?"

"ऋषींनी."

"त्यांच्या बायकांना विचारलं होतं?"

टाइमकीपरांनी खरोखरच पान मागे-पुढे करून पाहिलं. "तसा काही उल्लेख नाही."

"अहो, पण आधीच्या कुठल्याशा पानावर तुम्हीच वाचून दाखवलं होतंत ना, की स्नेह्यांना घरच्या बाईबरोबर जेवायला बसवावं? म्हणजे घरच्या बाईबरोबर बाकी सगळ्यांनी जेवायचं, नवऱ्याने तेवढं नाही?"

"ते पान एकशे सहा. हे दोनशे बारा. नंतरचं परिपत्रक आलं की आधीचं रद्द होतं. कारखान्यात हाच नियम होता."

त्या माणसाने शास्त्रं कारखान्याच्या परिपत्रकांसारखी वाचली होती. चार वेगवेगळ्या ऋषींची चार मतं एका पुस्तकात शेजारी शेजारी बसवलेली असतील, आणि ती एकमेकांशी भांडत असतील, हे त्यांच्या डोक्यातच आलं नव्हतं. छत्तीस वर्षं ज्याच्या हातात एकच भोंगा होता, त्याला चार भोंगे एकदम वाजू शकतात हे कसं सुचावं?

काकूंनी आपलं ताट उचललं, ओट्यावर गॅसच्या शेजारी ठेवलं, आणि जेवल्या. उभ्या उभ्या.

पुढचे आठ दिवस घरात अतिशय शास्त्रोक्त गेले. काकूंना शिंक आली की टाइमकीपर भिंतीकडे तोंड फिरवत. जांभई आली की उठून गॅलरीत जात. काकूंना दुपारी तीनला पाच-सहा जांभया येतातच. त्या आठवड्यात टाइमकीपरांचा बराच व्यायाम झाला.

खालच्या मजल्यावरची मैत्रीण मुलाचा गणवेश घेऊन आली तेव्हा काकूंनी पहिल्यांदा कुणाला तरी सांगितलं.

"आणि तू ऐकून घेतलंस?" ती कंबरेवर हात ठेवून म्हणाली. "भांड की! पुस्तक दे रद्दीत."

"भांडले तर बसतील गं जेवायला. पण तोंड पाडून बसतील, आणि मनात पान दोनशे बारा धरून बसतील. मला तसे समोर नकोत. मला हसणारे हवेत."

"बाई, हे म्हणजे तुला नवराही हवा आणि त्याचं मनही हवं."

"एवढी वर्षं डबा भरलाय मी. फार मागतेय का?"

मैत्रिणीने गणवेशाची दुमड उलटून पाहिली. "नाही गं," ती म्हणाली. "फार नाही मागत."

त्या दुपारपासून टाइमकीपर फिरायला गेले की काकू पुस्तक घेऊन मशीनपाशी बसू लागल्या. पाहुण्याचं प्रकरण त्यांनी तीनदा वाचलं. खुणेसाठी पानांत रंगीत दोरे घातले. उसवायच्या कपड्याकडे बघावं तसं त्या त्या पानांकडे बघत होत्या. कुठे टाका सैल आहे, कुठून सुरी घातली तर कापड फाटणार नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी काकूंनी डाळ-तांदूळ काढलेच नाहीत. गॅस पेटवला नाही. साडेअकराला त्या म्हणाल्या, "मी जरा खाली जाऊन येते," आणि चप्पल घालून, हातात पिशवी घेऊन निघून गेल्या.

बारा वाजता टाइमकीपर जिन्याच्या चौकात आले. स्टॉपवॉच सुरू केलं. चार मिनिटांनी खालून पावलं वाजली. हळू, एका पायावर जरा जोर देत चढणारी. त्यांनी सदरा सारखा केला. वळणावरून काकू आल्या.

"आलीस? अगं, स्वयंपाक कुठाय? आणि आता कुणी आलं तर..."

काकू दोन पायऱ्या खालीच थांबल्या. पदराने कपाळ टिपलं. "लांबून आलेय," त्या म्हणाल्या. "भूक लागलीय. इथे जेवायला मिळेल का?"

"ही काय चेष्टा लावलीयस?"

"यजमान, आलेल्याला कोण, कुठली, असं विचारू नये म्हणतात. इथे वेगळी रीत असेल तर पुढचं दार बघते."

नियम टाइमकीपरांनीच वाचला होता. अतिथी दारातून विन्मुख गेला तर आपलं पाप यजमानाच्या पदरात टाकून त्याचं पुण्य घेऊन जातो. त्यांनी डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं. मदतीला कुणी ऋषी नव्हता. काकू खरंच पाठमोऱ्या झाल्या आणि एक पायरी उतरल्या.

"थांबा," टाइमकीपर म्हणाले. छत्तीस वर्षांत पहिल्यांदा त्यांनी बायकोला 'थांबा' म्हटलं. "या. आत या."

त्यांनी तांब्या आणला, न्हाणीघरात पाट ठेवला. काकूंनी पाय पुढे केले. टाइमकीपर पाणी घालता घालता थांबले. उजव्या टाचेखाली, जिथे मशीनचं पायडल लागतं तिथे, एक जाड, पिवळट घट्टा होता.

"हे कधीपासून?"

"यजमान."

"बरं बरं. नाही विचारत."

मग त्यांनी काकूंना खुर्चीवर बसवलं आणि स्वयंपाकघराकडे वळले. थंडगार ओटा बघून त्यांचा चेहरा असा झाला, की काकूंना हसू आवरण्यासाठी फ्रिजकडे बघावं लागलं.

"जेवायला... सुमारे अर्धा तास लागेल," टाइमकीपर म्हणाले.

"चालेल. मला घाई नाही."

त्यांनी एक डबा उघडला. दुसरा उघडला. "अगं, डाळ कुठल्या..." म्हणता म्हणता थांबले. घरची बाई घरी नव्हती. पाहुणीला विचारणं बरं दिसलं नसतं. सातव्या डब्यात डाळ सापडली, नवव्यात तांदूळ, आणि मीठ तर शेवटी समोरच होतं. लग्नाआधी एकटे राहत असताना ते रांधायचे. हाताला थोडं थोडं आठवू लागलं. भात खाली लागला. डाळीत मीठ दोनदा पडलं. चाळीस मिनिटांनी त्यांनी ताट वाढून समोर ठेवलं आणि घाम पुसत शेजारी उभे राहिले.

काकू जेवू लागल्या. त्यांनी आधी तळाची लागलेली खरवड वेचून खाल्ली, तीही चवीने. मग भात कालवला. लहान लहान घास घेत होत्या.

अतिथीच्या ताटाकडे यजमानाने लक्ष ठेवायचं असतं, काय हवं-नको बघायचं असतं. त्यामुळे टाइमकीपरांना बघणं भागच होतं. आधी ते ताटाकडे बघत होते. मग हाताकडे. मग कधीतरी चेहऱ्याकडे.

"तुम्ही डाव्या बाजूने चावता," ते म्हणाले.

"उजवीकडची दाढ पडलीय."

"कधी?"

"दोन वर्षं झाली."

कारखान्यातल्या बाराशे माणसांपैकी कोण कुठल्या दिवशी किती मिनिटं उशिरा आला, हे टाइमकीपर अजूनही न बघता सांगू शकत होते.

"अजून वाढू?" त्यांनी जरा वेळाने विचारलं.

"नको." काकूंनी हात ताटावरच थांबवला. "मला एकटीला जेवायला संकोच वाटतो. यजमानांनीही बसावं."

"यजमानाने नंतर जेवायचं असतं."

"आणि पाहुणा संकोचून अर्ध्या ताटावरून उठला तर?"

टाइमकीपरांनी त्या थांबलेल्या हाताकडे पाहिलं. डाळ बोटांवर वाळू लागली होती. मग त्यांनी स्वतःचं ताट वाढून घेतलं, दुसरी खुर्ची ओढली आणि टेबलाच्या पलीकडे, सरळ पश्चिमेकडे तोंड करून बसले.

"बाप रे, हे खारट झालंय," पहिल्याच घासाला ते म्हणाले.

"मी काही बोलले का?"

"दोनदा पडलं मीठ."

"दोनदा? मी तीनदा मोजलं."

आणि टाइमकीपर हसले. मोठ्याने, मान मागे टाकून हसले. काकू खाली मान घालून भात कालवत राहिल्या.

जेवण झाल्यावर अतिथीला वेशीपर्यंत पोचवायचं असतं. टाइमकीपर जिन्याच्या चौकापर्यंत आले. "उद्या... उद्या येणं होईल का?"

"अतिथी एका दिवसाचाच असतो. पान सत्त्याऐंशी. उद्या या घरात तुमची बायकोच असेल, आणि तिच्याबद्दल काय लिहिलंय ते तुम्हाला पाठच आहे."

एवढं बोलून काकू जिना उतरून मैत्रिणीकडे गेल्या आणि चार वाजेपर्यंत वर आल्या नाहीत. मैत्रिणीने विचारलं, "मग? जिंकलीस?" काकू म्हणाल्या, "आज पाहुणी जिंकली. माझं उद्या कळेल."

संध्याकाळी टाइमकीपर पुस्तक घेऊन बसले होते. दुसऱ्या दिवशी सकाळीही बसले होते. मशीन चालवता चालवता काकूंना पानं उलटल्याचा आवाज ऐकू येत होता. एकदा बरीच पानं एकदम उलटली गेली, मग बराच वेळ काहीच आवाज आला नाही. एका पँटची कंबर त्यांच्याकडून चुकून दोनदा शिवली गेली आणि दोनदा उसवावी लागली.

बाराला टाइमकीपर बाहेर जाऊन उभे राहिले. काकूंनी भाजी उतरवली, पोळ्या केल्या. टाइमकीपरांचं ताट टेबलावर ठेवलं. आपलं ओट्यावर, गॅसच्या शेजारी. सांगायचं होतं ते काल सांगून झालं होतं; आज दुसरं ताट टेबलावर आपण ठेवायचं नाही, असं त्यांनी ठरवलं होतं. ठरवताना सोपं वाटलं होतं.

बाहेर बूट वाजले नाहीत. कुणी आलं नाही. दार लागल्याचा आवाज झाला. टाइमकीपर आत आले, हात धुतले, टेबलापाशी आले आणि उभेच राहिले. मग ओट्याशी आले, काकूंच्या मागून हात घालून ताट उचललं आणि टेबलावर, समोरच्या बाजूला नेऊन ठेवलं.

"बस. निवतंय."

काकू वळल्या नाहीत. "आणि दोनशे बाराचं काय?"

"आहे की. ते तसंच आहे." टाइमकीपर खुर्ची ओढत म्हणाले. "पण शेवटचं सगळं प्रकरण प्रायश्चित्तांचं आहे, ते मी वाचलंच नव्हतं. लहानसहान चुकांना थोडे प्राणायाम केले की भागतं म्हणे. जेवण झालं की करीन."

"रोज?"

"रोज करीन. नाहीतरी दुपारी मला काय काम असतं?"

काकू येऊन बसल्या. भाजी गरम होती. टाइमकीपरांनी कारखान्याच्या सवयीने सात मिनिटांत ताट साफ केलं. काकूंची अजून पहिलीच पोळी चालली होती. टाइमकीपर खुर्ची मागे सारून उठू लागले.

"कुठे निघालात?"

"झालं की माझं."

"माझं कुठे झालंय?"

टाइमकीपर अर्धे उठलेले तसेच राहिले. "मग मी काय करू?"

"बसा."

"नुसता?"

"वकील काल परत आले होते," काकू म्हणाल्या आणि डाव्या बाजूने घास चावू लागल्या. घास संपेपर्यंत त्या पुढे काही बोलल्या नाहीत. टाइमकीपर खरकटा हात ताटावर धरून, वाट बघत, पुन्हा खाली बसले.